पावडर वर, दिवा खाली

इंग्लंडातल्या रीडिंग गावी आमच्या घरात एक चावी अशी होती, जिचा पत्ता माझ्या नवऱ्याला माहीत नव्हता आणि माहीत असून चालणारही नव्हतं. कायदाच तसा होता. बंदुकीचा परवाना ज्याच्या नावावर, कपाटाची चावी त्यानेच सांभाळायची. ती कुठे ठेवलीय हे घरातल्या इतर कोणालाही कळता कामा नये. परवाना माझ्या नावावर होता. लग्नाला पंधरा वर्षं उलटल्यावर एखादी गोष्ट नवऱ्यापासून सरकारी आशीर्वादाने लपवता यावी, यापरतं सुख नाही. तो बिचारा मोजे काढायला ड्रॉवर उघडायचा तेव्हासुद्धा आधी ओरडून विचारायचा, "अगं, इथे चावी नाहीये ना? उगाच माझ्यावर केस व्हायची!"

मी हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. पण त्याच्या कितीतरी आधी मी नेमबाज होते. पुण्याला कॉलेजात असताना एनसीसीत पहिल्यांदा रायफल हातात आली आणि माझं सगळं जग लक्ष्यावरच्या काळ्या ठिपक्याएवढं झालं. राज्याच्या संघापर्यंत पोचले. मग एमडी, मग लग्न, मग इंग्लंड, इथल्या परीक्षा, मुलगी. रायफल बंद कर असं मला कोणीही कधी म्हणालं नाही. ती आपोआप बंद झाली. कोणी बंद करायला लावली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

चाळिशीत आमच्या हॉस्पिटलमधल्या हाडांच्या एका सर्जनने ऑपरेशन चालू असताना सहज विचारलं, रविवारी काय करतेस? तो क्लबात रायफल चालवायचा. पुढच्या रविवारी मी गेले, पोटावर आडवी झाले, गाल लाकडाला टेकवला आणि ढसाढसा रडले. शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रजाला वाटलं, कानाला दडा बसला. त्याने मला आपले कानावरचे मफ देऊ केले.

त्यानंतर परवाना आला, रायफल आली, पोलिसांचा माणूस येऊन भिंतीला बोल्ट मारलेलं लोखंडी कपाट गदागदा हलवून बघून गेला. वर्षभराने मी काडतुसं घरी भरायला लागले. लांबच्या नेमबाजीत हे बरेच जण करतात. विकतच्या काडतुसांत दोन सारखी मिळत नाहीत, आणि मला सगळं सारखं लागतं. एकदा वापरलेली पितळी पुंगळी उचलून आणायची, साफ करायची, मापात बसवायची, पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, तोलून भरायची, वर गोळी बसवायची. आयुष्यभर भुलीच्या औषधाचे डोस मोजलेल्या बाईला यात कसला आनंद मिळतो, हे नवऱ्याला सांगून कळलं नाही. दांड्याचं ते यंत्र वरच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, टेबलाला आवळून बसवलं तेव्हा मुलगी डोकावून म्हणाली, "आई, हा चकलीचा मशीन आहे?" तशी फारशी चुकली नव्हती ती. दांडा खाली ओढायचा, एकेक वस्तू तयार होऊन बाहेर, आणि मनासारखी नाही झाली तर परत मोडायची.

नवरा सॉफ्टवेअरमधला. त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीत काय बिघडू शकतं ते आधी दिसतं. त्याचे त्याला पैसेच मिळतात. आणि ते वर्ष होतं दोन हजार पाच. जुलैत लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, पाठीवरच्या बॅगांतून स्फोट झाले. कामासाठी तो अधूनमधून पॅडिंग्टनच्या ट्रेनने जायचा. पाठीवरची लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसला तरी शेजारची सीट रिकामी राहायला लागली होती. तो मला ते हसत हसत सांगायचा, पण त्याने बॅग बदलून पारदर्शक प्लॅस्टिकची फाइल घेतली तेव्हा मला हसू आलं नाही.

अशात सप्टेंबरात घराच्या विम्याचं रिन्यूअल आलं. पॉलिसी अथपासून इतिपर्यंत वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला, आणि त्याच्याशीच माझं लग्न झालंय. कंपनीने विचारलं नसलं तरी महत्त्वाची वाटेल अशी प्रत्येक गोष्ट आपण होऊन सांगायची, नाहीतर उद्या घर जळलं तरी दमडी मिळणार नाही, असं त्यात कुठेतरी होतं. विमा नसेल तर मॉर्गेज देणारी बँक गप्प बसणार नाही हे वेगळंच. क्लबातले लोक म्हणाले, कशाला बोलतेस, आम्ही कोणी बोललो नाही. नवरा म्हणाला, "त्यांचं ठीक आहे गं. त्यांच्या घरात पावडर सापडली तर ती हॉबी. आपल्या घरात सापडली तर ती न्यूज."

मी पॉलिसीचे कागद त्याच्यापुढे परत सरकवले.

"एक तर सांगायचं," तो म्हणाला, "नाहीतर बंद करायचं. आणि सांगितल्यावर ते नाही म्हणाले, तर बंदच. तुला क्लबात जाऊन विकतची काडतुसं मारता येतीलच की."

येतील. पण ऑक्टोबरात काउंटीच्या संघाची निवड होती, लांब पल्ल्याची. विकतच्या काडतुसांवर मी तिथे कुठेच नव्हते. आणि मी त्याला बोलले नाही, पण मला माझं मन ठाऊक होतं. यंत्र एकदा टेबलावरून सुटलं की काडतुसं जाणार, मग निवड जाणार, मग हळूहळू रविवार जाणार. पुन्हा सगळं आपोआप बंद होणार. एकदा झालं ते झालं. दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं आणि फोन उचलला.

फोनवरची मुलगी फार गोड होती. तिच्या स्क्रीनवर गवताच्या छपराला टिक करायचा चौकोन होता, खचणाऱ्या जमिनीला होता, पियानोलाही होता. मी म्हटलं, मी घरी काडतुसं भरते. त्याला काही तिला चौकोन सापडेना. मग तिने विचारलं, हा व्यवसाय आहे का? म्हटलं, नाही, छंद आहे. ती हुश्श करून म्हणाली, "मग आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये टाकू?" मला क्षणभर मोह झाला. पण नवरा समोर उभा राहून पारदर्शक फाइलीने वारा घेत होता. मी पावडर हा शब्द दोनदा आणि परवाना हा शब्द दहा वेळा उच्चारला. तिने मला वरच्या साहेबाकडे दिलं, त्याने आणखी वरच्या. शेवटी ठरलं की कंपनीचा सर्व्हेअर येऊन घर बघेल आणि मग ते हो किंवा नाही सांगतील.

सर्व्हेअर यायच्या आदल्या रविवारी आम्ही बॉक्सरूम अशी घासली की तिथे ऑपरेशन करता आलं असतं. पावडरची जाड लाकडी पेटी, तिच्यावर लाल अक्षरातला इशारा, कोपऱ्यात फायर एक्स्टिंग्विशर, भिंतीला कपाट. नवऱ्याने खोलीतला बल्बसुद्धा नवा लावला. देवघराकडे मात्र आमच्या दोघांपैकी एकाचंही लक्ष गेलं नाही. आपल्या घरात देवांची कोणाला भीती वाटते?

देव आमचे जिन्याखाली होते. इंग्लंडमधल्या घरात जिन्याखाली एक कपाट असतं, त्यात व्हॅक्युम क्लीनर, इस्त्रीचं टेबल आणि विजेचा मीटर राहतो. घर घेतलं तेव्हा नवऱ्याने त्याचं दार काढून तिथे देव मांडले. मीटर तसाच राहिला, देवांच्या डोक्यावर. सासूबाई दोन वेळा आल्या होत्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी त्यांची समई आणली, आणि वाती ठेवायची दोन कानांची एक काळीकुट्ट, तेलकट वाटी. नवरात्रातला अखंड दिवा त्यांनी चाळीस वर्षं सांभाळला होता. जाताना तो त्यांनी मुलाच्या स्वाधीन केला आणि वर्षभरात स्वतः गेल्या. नवरा एरवी देवाधर्मातला नाही, पण त्या समईपुढे त्याचा आवाज बदलायचा.

तर सर्व्हेअर आला. साठीकडे झुकलेला, बुटांना पॉलिश, हातात टॉर्च. वर बॉक्सरूममध्ये त्याने पेटी बघितली, कपाटाचे बोल्ट बघितले, यंत्राचा दांडा एकदा ओढून बघितला. माझ्याकडे वळून म्हणाला, माझे वडील असंच भरायचे, पण इतकं नीटनेटकं नाही. माझा जीव भांड्यात पडला. दाराशी उभ्या नवऱ्याचाही पडला असावा, कारण तो पहिल्यांदाच हसला.

जिना उतरताना सर्व्हेअर मधेच थांबला. नाक वर करून त्याने हुंगलं. "काही जळतंय का?" त्याने विचारलं.

जळत होतं. सगळं सुरळीत पार पडावं म्हणून नवऱ्याने सकाळी देवापुढे समई लावली होती, सगळ्या वातींची, आणि उदबत्त्याही मोजून न घेता मूठभर लावल्या होत्या.

सर्व्हेअर गुडघ्यांवर बसला. टॉर्च मारली. देव बघितले, समई बघितली, वरचा मीटर बघितला, मग मान उलटी करून जिन्याच्या लाकडी पायऱ्या खालून बघितल्या. "हे पेटतं ठेवून तुम्ही बाहेर जाता?" त्याने हळू आवाजात विचारलं.

मी नवऱ्याकडे डोळे वटारून बघत होते. पण आईच्या दिव्याबद्दल कोणीतरी प्रथमच विचारत होतं, त्याला कुठला धीर? "नाही नाही, रोज थोडाच वेळ," तो उत्साहाने म्हणाला. "फक्त नवरात्रात नऊ दिवस अखंड असतो. डे अँड नाइट. आम्ही ऑफिसला गेलो तरी विझत नाही. माझ्या आईने चाळीस वर्षांत एकदाही विझू दिला नाही!"

"नऊ दिवस," सर्व्हेअर म्हणाला.

"आणि रात्री," नवरा अभिमानाने म्हणाला.

सर्व्हेअरने लिहायला सुरुवात केली. बॉक्सरूमसाठी त्याला दोन ओळी पुरल्या होत्या. आता तो पान उलटून लिहीत होता. मी चहा आणि चकल्या पुढे केल्या. त्याने चकली खाल्ली, आवडली म्हणाला, आणि लिहीत राहिला. जाताना मात्र दारात थांबून त्याने बैठकीच्या खोलीकडे बोट केलं. "तुमच्याकडे इतकी चांगली फायरप्लेस आहे," तो म्हणाला, "विटांची, फरशीची. ज्योतीसाठीच बांधलेली. देवांना तिथे चालणार नाही का?"

चार दिवसांनी कंपनीचा फोन आला. पावडरला त्यांची हरकत नव्हती. लाकडी पेटीतच ठेवायची, ठरलेल्या मापाहून जास्त नाही, एवढंच. हरकत दिव्याला होती. जिन्याखाली ज्योत अजिबात नको, आणि घरात जबाबदार माणूस नसताना कुठेच नको. हे मान्य असेल तरच विमा.

फोन ठेवला आणि मला हसू आवरेना. महिनाभर हा माणूस माझ्या पेटीभोवती घिरट्या घालत होता, आणि आग होती याच्या देवापुढे! मी त्याचंच वाक्य त्याच्याच आवाजात म्हटलं, "एक तर सांगायचं, नाहीतर बंद करायचं." तो हसला नाही. जिन्याखाली जाऊन बसला. खूप वेळ तिथेच बसलेला दिसला तेव्हा माझं हसू ओसरलं आणि मला त्याची फार दया आली. एखादी गोष्ट आपोआप बंद होताना माणूस कसा दिसतो, ते मला बाहेरून प्रथमच दिसत होतं.

शनिवारी आम्ही देव फायरप्लेसमध्ये हलवले. छान दिसले. इंग्रजांनी कोळसे जाळायला केलेल्या जागेत आमचा बाळकृष्ण ऐसपैस बसला, मीटरखालून सुटल्याचा त्यालाही आनंद झाला असावा. पण खरं घोडं पुढे अडलं होतं. नवरात्र आठवड्यावर आलेलं. अखंड दिव्याजवळ नऊ दिवस कोण बसणार? तो ऑफिसात, मी ऑपरेशन थिएटरमध्ये, मुलगी शाळेत. आणि नवरात्रातल्या शनिवारीच माझी निवड.

विचार करता करता एक साधी गोष्ट लक्षात आली. सासूबाईंचा दिवा चाळीस वर्षं विझला नाही, कारण सासूबाई चाळीस वर्षं घरात होत्या. नवरात्रात घर एकटं सोडायचं नाही हा नियमच आहे. तो नियम कोणाच्या जिवावर चालत होता, हे आम्हाला विमा कंपनीने दाखवून दिलं.

आता काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. कोणी मला थांब म्हणणार नव्हतं. मीच म्हणणार होते. आणि म्हणालेही. "शनिवारी मी थांबते," मी भांडी लावता लावता म्हटलं. "पुढच्या वर्षी असतेच निवड." माझा आवाज अगदी सहज निघाला. त्याचाच मला राग आला.

नवऱ्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तू जा," तो म्हणाला. "मी लीव्ह टाकलीय."

"शनिवारी कसली लीव्ह?"

"नऊ दिवसांची. आई बसायची ना? मग मी बसतो. दिवा माझाय."

 ज्या माणसाने मुलीच्या जन्माला तीन दिवस सुट्टी घेतली होती, तो दिव्यासाठी नऊ दिवस घरी बसणार होता.

बसला खरा. पहिल्या दिवशी मजेत होता. दुसऱ्या दिवशी दूध संपलं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जाता येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलातून आले तर दारातच उभा. "तू येईपर्यंत मी पोस्टमनशी पंधरा मिनिटं बोललो," म्हणाला. "आईला वेड कसं लागलं नाही?" चौथ्या दिवशी लेस्टरच्या देशी दुकानातून आणलेली तयार वातींची पाकिटं संपत आली, तेव्हा मेडिकलच्या कापसाची गुंडाळी घेऊन तो स्वतः वाती वळायला बसला. पहिल्या वाती सुरवंटासारख्या झाल्या. त्याने मला एक दाखवून विचारलं, "डॉक्टर, हिला काय झालंय?"

शनिवारी पहाटे मी निघाले तेव्हा तो दिव्यात तेल घालत होता. वळून त्याने फक्त अंगठा वर केला.

वारा वाईट होता. मैदानावरचा झेंडा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, मधेच लोंबकळलेला. पण माझी काडतुसं माझी होती, एकसारखी. वाऱ्याशी काय ते मलाच निस्तरायचं होतं. मी निस्तरलं. संघात शेवटची का होईना, आले. परत येताना गाडीत मी एकटीच मोठ्याने गात होते. रिकाम्या पुंगळ्या कोटाच्या खिशात खुळखुळत होत्या. घरी आल्या आल्या नवऱ्याने विचारलं, "झाली निवड?" मी मान डोलावली. तो मुलीला ओरडून म्हणाला, "अगं, आई टीममध्ये!" मुलगी वरून ओरडली, "कूल! आता जेवण कोण केली?" कोणीच केलं नव्हतं. फिश अँड चिप्स आणायला मीच गेले, कारण त्याला दिवा सोडता येत नव्हता.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं पुजतात. सासूबाई विळी, अडकित्ता, कात्री पुजायच्या. आमच्या घरात दरवर्षी त्याचा लॅपटॉप, माझा स्टेथोस्कोप आणि किचनमधला मोठा सुरा असायचा. त्या सकाळी मी खाली आले तर चिंचेचा आंबट वास सुटलेला. नवरा सिंकपाशी बाह्या वर करून काहीतरी घासत होता.

फायरप्लेससमोर पाट मांडला होता. त्यावर लॅपटॉप, स्टेथोस्कोप, सुरा, आणि पुढे माझ्या पुंगळ्या, एका रांगेत उभ्या. कोटाच्या खिशातून त्याने काढल्या होत्या. चिंचेने घासून सोन्यासारख्या लखलखीत केल्या होत्या, आणि प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट लावलं होतं.

"पितळ ते पितळ," तो मान वर न करता म्हणाला. "समई घासतो तसंच."

 मी एक पुंगळी उचलून बघितली आणि परत रांगेत ठेवली.

"आणि हे बघ," तो म्हणाला. सिंकमधून त्याने एक लहानसा पेला वर काढला. सासूबाईंची वातींची वाटी. पण ती वाटी नव्हती. वाती संपल्या म्हणून त्याने ती पहिल्यांदाच रिकामी केली होती, आणि हाताला लागलीच आहे तर घासू म्हणून घासायला घेतली होती. तेलाचा थर निघाला तसा खालून पितळेचा कप निघाला, दोन्ही बाजूंना कान असलेला, बक्षिसात मिळतो तसला. पोटावर कोरलं होतं: खो-खो, मुली, उत्कृष्ट खेळाडू. खाली एका मुलीचं नाव.

"हे कोण, मला आधी कळेचना," नवरा म्हणाला. "मग लक्षात आलं. आईचं माहेरचं नाव."

तो कप पुसत राहिला. कोरडा झाला होता तरी पुसत राहिला.

"मला माहीतच नव्हतं गं ती खेळायची," तो म्हणाला. "बघत होतो रोज. वाती काढायची यातनं."

मी त्याच्या हातातून कप घेतला आणि पाटावर मधोमध ठेवला, पुंगळ्यांच्या पुढे. दिव्याच्या उजेडात अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. 

मग त्याने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "रायफल खाली आणतेस? तिलाही फूल वाहू. पावडर वरच राहू दे, पॉलिसीत आहे."

"नळीला कुंकू लावायचं नाही," मी म्हटलं.

"नाही लावत. आण जा."

मी जिन्याकडे वळले. तेवढ्यात तो म्हणाला, "थांब," आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हातांनी डोळे घट्ट झाकले. "आता काढ चावी. मी बघत नाही."